नीरेचें पाणी आणि ताटांतला घांस

पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. वर्षाकांठीं सरासरी वीस इंचांच्या आसपास पाऊस, आणि तोहि लहरी. अशा मुलखांत माणसानें काय खावें हें शेकडों वर्षें जमिनीनेंच ठरविलें होतें. हलक्या रानांत खरिपाची बाजरी, काळ्या रानांत रब्बीचा शाळू, जोडीला तूर, मटकी, हुलगा व करडई. शाळू परतीच्या पावसानें मुरलेल्या ओलीवर येई. दाणा माणसाच्या भाकरीला आणि कडबा बैलांच्या दावणीला जाई. खडकाळ माळावरचें गवत शेळ्यामेंढ्यांच्या वांट्याला येई. धनगर आपला कळप रिकाम्या शेतांत बसवीत, आणि खताच्या मोबदल्यांत त्यांना धान्य मिळे.

या व्यवस्थेंत दोष एकच, परंतु तो जीवघेणा होता. पाऊस चुकला कीं भाकरी चुकली. सन १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें कर्जानें गांजलेले शेतकरी सावकारांच्या वह्यांवर तुटून पडले, आणि पुढच्याच सालीं मोठा दुष्काळ आला. त्या दुष्काळांत उपाशी लोकांना मजुरी मिळावी म्हणून नीरा डाव्या कालव्याचें काम काढण्यांत आलें. १८८५ च्या सुमारास कालवा वाहूं लागला, आणि भाटघरच्या धरणानें त्याला साठ्याचें पाणी मिळालें. वीर येथून निघून सुमारें शंभर मैलांचा प्रवास करीत तो पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून जातो.

भाकरी वांचवावी हा कालव्याचा मूळ हेतु. घडलें तें मात्र निराळें. पावसाच्या चांगल्या सालीं ज्वारी-बाजरीला पाटाचें पाणी नको असे, मग पाणीपट्टी कोण भरणार? वाईट सालीं तेंच पाणी सर्वांना एकदम हवें होई. सरकारला तर दरसाल भरंवशाचें उत्पन्न पाहिजे होतें. बारमाही पाणी पिणारें आणि जबर पट्टी सोसणारें पीक एकच होतें, तें म्हणजे ऊंस. मळ्यामळ्यांतून गुऱ्हाळें सुरू झालीं. १९१४ मध्यें दौंड-बारामती आगगाडी झाली आणि गुळाला दूरच्या पेठा जवळ आल्या.

हा धोका जाणत्यांच्या लक्षांत आला नाहीं असें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं याच कालव्यावर ब्लॉक पद्धत सुरू केली. ठरलेल्या गटांनाच पाणी द्यावें, गटाच्या कांहीं भागांतच ऊंस असावा, उरलेल्या भागांत हंगामी पिकें घेऊन फेरपालट व्हावी, आणि पाणी अनेक गांवांना पोंचावें, अशी तिची मांडणी होती.

जमिनीनें आपला हिशेब निराळाच मांडला. डॉ. हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांनीं १९१० सालीं नीरा खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर एक अभ्यासपूर्ण पत्रिका प्रसिद्ध केली. कालव्याचें व पाटांचें पाणी खालीं झिरपतें, निचऱ्याला वाट नसली म्हणजे तें वर चढतें, आणि विरघळलेले क्षार सोबत आणतें. उन्हानें पाणी उडून जातें, क्षार मात्र मागें राहतात. पांढरी पापडी धरलेल्या त्या रानांत बीं रुजत नाहीं. गोडाच्या पायीं चांगली काळी जमीन खारी झाली.

तरी उंसाची ओढ कमी झाली नाहीं. १९३२ मध्यें हिंदी साखरधंद्याला जकातीचें संरक्षण मिळालें. इंदापूर तालुक्यांत कळंबच्या परिसरांत वालचंद हिराचंद यांनीं साखर कारखाना उभारला आणि तेथेंच वालचंदनगर वसलें. स्वातंत्र्यानंतर माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथें सहकारी कारखाने निघाले. या साखरेनें शाळा दिल्या, रस्ते दिले, कुणब्याच्या घरावर पक्कें छप्पर घातलें. तें उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु कालव्याच्या शेवटास असलेल्या गांवांना पाणी पोंचत नाहीं, ही तक्रारहि तितकीच जुनी आहे. केंद्र सरकारच्या कृषि खर्च व मूल्य आयोगानें नमूद केलें आहे कीं, महाराष्ट्रांत लागवडीच्या चार टक्क्यांहूनहि कमी क्षेत्रावरील ऊंस सिंचनाचें सुमारें सत्तर टक्के पाणी घेतो, आणि एक किलो साखरेमागें दोन हजार लिटरांहून अधिक पाणी खर्च होतें.

आज हाच प्रश्न साऱ्या जगापुढें आहे. लंडन येथें २०१३ सालीं गाईच्या पेशी प्रयोगशाळेंत वाढवून केलेलें मांस शिजवून दाखविण्यांत आलें. २०२० मध्यें सिंगापूरनें असें मांस विकण्यास परवानगी दिली. चाऱ्यापायीं खर्च होणारी जमीन व पाणी वांचावें, हा त्यामागील एक उद्देश आहे. परंतु त्या पेशींनाहि अन्न लागतें. ज्या द्रवांत त्या वाढतात त्यांत ग्लुकोज, म्हणजे एक प्रकारची साखरच, असते. पात्रें उबदार राखण्यास वीज लागते. शेत डोळ्यांआड झालें, तरी तें नाहींसें होत नाहीं. उलट माळावरच्या गवतावर वाढलेली मेंढी पाटाचें पाणी मागत नव्हती. म्हणून सगळेंच मांस महाग किंवा सगळाच शाकाहार स्वस्त, असा ढोबळ निवाडा करतां येत नाहीं. कोणता पदार्थ कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या पाण्यावर पिकला, हें पाहावें लागतें.

बारामतीजवळ माळेगांव येथें २००९ पासून अवर्षण, क्षार व उष्णता यांनीं पिकांवर पडणाऱ्या ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था उभी आहे. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें. ज्या बाजरीला व शाळूला वांचविण्यासाठीं नीरेचा कालवा खणला गेला, त्यांची आठवण जगाला झाली. शाळूची भाकरी पुन्हां मानानें ताटांत आली, तर पाटाच्या शेवटच्या गांवालाहि कदाचित् त्याच्या वांट्याचें पाणी मिळेल.