सिंहगडावरची रात्र

सातारा जिल्ह्यातील पाचगणीजवळचे गोडवली हे सुभेदार तानाजी मालुसरे यांचे जन्मगाव मानले जाते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेताना त्यांनी देह ठेवला. हरि नारायण आपटे यांनी ही कथा कादंबरीत आणली आणि १९२३ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी तिच्यावर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्या वेळी त्यांच्यापुढे एक पेच होता : रात्र दाखवावी कशी?

तोवर आपल्याकडील चित्रीकरण सूर्याच्या भरवशावर चाले. त्या काळची फिल्म मंद होती. शिवाय तिला निळा प्रकाश दिसे, तांबडा मात्र जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे मशालीचा तांबूस उजेड डोळ्यांना कितीही प्रखर वाटला, तरी फिल्मवर तो फारसा उमटत नसे. बाबूरावांनी ‘सिंहगड’साठी कृत्रिम प्रकाशाचा आधार घेतला. भारतीय चित्रपटातील हा पहिलाच प्रयोग, असे सांगितले जाते. त्या काळच्या आर्क दिव्यांत कर्बाच्या दोन कांड्यांमध्ये विजेचा झोत पेटे. त्याचा निळसर, तीव्र प्रकाश अशा फिल्मला मानवे. म्हणजे पडद्यावर अंधार दाखवण्यासाठीच भरपूर उजेड लागे!

पुढे सर्व रंग टिपणारी फिल्म आली, भिंगे सुधारली. स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘बॅरी लिंडन’मधील काही प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. त्यासाठी वापरलेले झाइस कंपनीचे भिंग मुळात अमेरिकेच्या अवकाश संस्थेकरिता बनवलेले होते.

पास्काच्या रात्री अंधाऱ्या मंदिरात एकच मेणबत्ती आत येते आणि तिच्यावरून शेकडो वाती पेटतात. ते दृश्य आज कोणीही साध्या मोबाईलवर टिपतो. त्यामागे किती पिढ्यांचे कष्ट आहेत, हे आपण सहज विसरतो.

ते कष्ट मात्र नीट जतन झाले नाहीत. नायट्रेटची ती फिल्म चटकन पेट घेई, नाहीतर कुजून जाई. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. आपल्या घरांतील पेट्यांतही आजी-आजोबांच्या लग्नाची, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची छायाचित्रे ओल खात पडली आहेत. वाचकहो, यंदाच्या पावसाळ्यापूर्वी ती बाहेर काढा, कोरडी करा आणि मागे नावे लिहून ठेवा.