देणे, अडवणे, सोडणे : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

शब्दांनाही कुळे असतात आणि कुळांप्रमाणेच त्यांच्यातही भाऊबंदकी, वाटण्या आणि दत्तकविधाने चालतात. मोठमोठ्या तत्त्वज्ञानपर संज्ञांचे इतिहास विद्वान मंडळी लिहीत असतात. परंतु ज्या लहानसहान क्रियापदांवर भाषेचा रोजचा संसार चालतो त्यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. इंग्रजीतील 'लेट' हे असेच एक क्रियापद. शाळेत त्याचा अर्थ आपल्याला 'देणे' असा शिकवला जातो : मला जाऊ दे, त्याला बोलू दे, घर भाड्याने देणे आहे. हा अर्थ चुकीचा नव्हे, परंतु अपुरा आहे. तेवढ्याच शिदोरीवर जुने इंग्रजी बायबल उघडले, तर काही ठिकाणी वाट चुकते आणि काही ठिकाणी अर्थ नेमका उलटा होतो. म्हणून या शब्दाच्या घराण्याची थोडी चौकशी करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्राचीन इंग्रजीत एकमेकांसारखी दिसणारी दोन क्रियापदे होती. पहिल्याचा अर्थ सोडणे, मागे ठेवणे, होऊ देणे असा होता. जर्मन 'लासेन' आणि डच 'लाटेन' हे त्याचे सख्खे भाऊ. दुसऱ्याचा अर्थ होता अडवणे, खोळंबा करणे. हे दुसरे क्रियापद 'मंद', 'उशिराचा' या अर्थाच्या विशेषणापासून निघाले. आपण 'गाडी लेट आहे' असे म्हणतो तो 'लेट' त्याच विशेषणाचा वंशज. इंग्रजीत या दोन शब्दांचे उच्चार वेगळे आहेत. देवनागरीत मात्र ते एकसारखे लिहिले जातात. नवल असे की, ही दोन्ही घराणी एकाच पुरातन धातूपासून निघाली आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या धातूचा मूळ भाव ढिले होणे, ढिले सोडणे असा सांगतात. दावे ढिले सोडले की बैल मोकळा होतो. चालणाराच ढिला पडला की मागे राहतो. एकाच ढिलाईतून एका बाजूस मोकळीक निघाली आणि दुसऱ्या बाजूस खोळंबा.

पुढे उच्चार घासत घासत दोन्ही शब्द एकरूप झाले आणि 'होऊ देणे' व 'होऊ न देणे' या परस्परविरोधी क्रियांना एकच नाव उरले. १६११ साली इंग्लंडात राजा जेम्सच्या आश्रयाने जे बायबल प्रसिद्ध झाले, त्यात हे दोन्ही 'लेट' शेजारीशेजारी नांदतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर 'लेट' म्हणून प्रकाशाला बोलावतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मात्र संत पौल आपण आजवर 'लेट' झालो असे सांगतात, म्हणजे आपल्याला येण्यापासून अडथळा झाला असे सांगतात. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, अधर्माला थोपवून धरणाऱ्या गूढ शक्तीविषयीही हेच क्रियापद आले आहे. आजचा वाचक तेथे 'होऊ देणारा' असे समजेल, तर त्याला पौलाच्या वचनाच्या नेमका विरुद्ध अर्थ मिळेल. शेक्सपिअरचा हॅम्लेट पित्याच्या भुतामागे जाताना, मला जो 'लेट' करील त्याचेच भूत करीन, अशा आशयाची धमकी मित्रांना देतो. तेथेही अर्थ 'अडवील' असाच आहे.

थेस्सलनीकाकरांच्या त्याच वचनात कॅथलिकांच्या १५८२ च्या ऱ्हाइम्स येथील इंग्रजी नव्या कराराने लॅटिनला धरून 'धरून ठेवणे' या अर्थाचे क्रियापद घेतले. त्यामुळे तो अनुवाद या पेचातून सुटला. १६११ च्या भाषांतराची सुधारणा १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा पौलाच्या दोन्ही वचनांतून हा जुना शब्द काढून टाकावा लागला. दोन विरोधी अर्थांचे ओझे एका शब्दाला पेलवत नाही. अडवणारा 'लेट' हळूहळू बोलीतून नाहीसा झाला. तरी त्याच्या दोन खुणा राहिल्या आहेत. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे योग्य जागी पडला की पंच 'लेट' पुकारतात. आणि आपल्या भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तिच्यात धारकाला 'लेट' आणि अटकाव यांवाचून जाऊ द्यावे असे म्हटलेले असते. हिंदीत तेथे 'रोक-टोक' असा सुरेख शब्द आहे. आखातात वा युरोपात पोटासाठी जाणारे आपले कितीतरी बंधुभगिनी तो चारशे वर्षांपूर्वीचा 'लेट' खिशात घेऊन सीमा ओलांडतात.

आता जगलेल्या 'लेट'कडे वळू. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील आज्ञा तृतीय पुरुषी आहे. लॅटिनमध्ये त्यासाठी 'फियात' हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीत अशा आज्ञेसाठी वेगळे रूप उरले नव्हते, म्हणून विल्यम टिंडेल याने १५३० च्या आपल्या अनुवादात 'लेट'ची मदत घेतली आणि पुढच्या भाषांतरकारांनी तीच वाट धरली. तेथे कोणी कोणाची परवानगी मागत नाही; परमेश्वराला परवानगी देणारा आहे तरी कोण? मराठीचे भाग्य असे की, 'होवो', 'येवो', 'नांदो' ही रूपे तिच्या व्याकरणातच आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली, म्हणजे राजा जेम्सच्या बायबलनंतर पाचच वर्षांनी, राचोल येथे छापले गेले. त्यांच्या मायबोलीत अडवणारा 'लेट' तेव्हा जिवंत होता. त्यांनी आपलीशी केलेल्या भाषेला मात्र निर्मात्याची आज्ञा सांगण्यासाठी अशा आधाराची गरज नव्हती.

'लेट अस' या जोडीची कथा याहून बोलकी आहे. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात मोशे आणि अहरोन फारोपुढे उभे राहून रानात जाऊ देण्याची मागणी करतात. तेथील 'लेट अस' म्हणजे 'आम्हांला जाऊ द्या'. या 'आम्हां'त फारो नाही. एकशे बाविसाव्या स्तोत्रात यात्रेकरू एकमेकांना प्रभूच्या घराकडे बोलावतात. तेथील 'लेट अस' म्हणजे 'चला, आपण जाऊ या'. इंग्रजीत दोहोंचे शब्द एकच. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांमधील भिंत ओलांडल्याखेरीज एकाचे दुसरे होत नाही. मिस्सात धर्मगुरू 'ओरेमुस' म्हणत, त्याचे इंग्रजी 'लेट अस प्रे' झाले आणि मराठी 'आपण प्रार्थना करू या'. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध करून लोकभाषांना दार उघडले. त्या दारातून हे 'आपण' वेदीपाशी आले. त्यात सांगणारा आणि ऐकणारा दोघेही एका बाकावर बसतात.

१९७३ च्या इंग्रजी मिस्साग्रंथात, द्राक्षारसाच्या समर्पणानंतरच्या 'मिस्तेरियुम फिदेई' या दोन लॅटिन शब्दांसाठी, आपण श्रद्धेचे रहस्य घोषित करू या, असे 'लेट अस' घालून केलेले वाक्य होते. २०११ च्या नव्या अनुवादात तो 'लेट अस' गळला आणि केवळ 'श्रद्धेचे रहस्य' एवढाच उद्गार उरला. आमंत्रण गेले, विस्मय राहिला. एका क्रियापदाच्या असण्यानसण्याने उपासनेचा सूर कसा पालटतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

परंतु 'लेट'मध्ये सत्तेचाही प्रश्न दडलेला आहे. जो देतो तो वरचा आणि ज्याला दिले जाते तो खालचा. माझ्या लोकांना जाऊ दे, हा परमेश्वराचा निरोप मोशे फारोला देतो तेव्हा वरवर पाहता तो अनुमतीचा शब्द वाटतो. वास्तविक तो हुकूम आहे. १८६१ साली अमेरिकेतील यादवी युद्धात व्हर्जिनियातील गुलाम पळून मन्रो किल्ल्याच्या आश्रयास आले. सरकारी भाषेत त्यांना 'जप्तीचा माल' म्हटले गेले. मोशेविषयीचे त्यांचे गीत त्याच वर्षअखेर छापले गेले आणि जगभर गेले. ज्यांना माल म्हटले गेले त्यांनी 'लेट'चा खरा अर्थ ओळखला होता. तो दयेची याचना नव्हता. जे मुळातच आपले नाही ते सोड, असे धन्याला बजावणे होते.

लॅटिन बायबलमध्ये फारोला उद्देशून 'दिमित्ते' हा शब्द आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आमची ऋणे सोड असे आपण म्हणतो तेथेही 'दिमित्ते'च आहे. मूळ ग्रीकमध्ये तर एकच क्रियापद चार ठिकाणी भेटते. शिष्य जाळी सोडतात, येशू बालकांना येऊ द्या असे सांगतो, आपण ऋणमुक्ती मागतो आणि क्रुसावरून प्रभू मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो. इंग्रजीने यांसाठी निरनिराळे शब्द वाटून दिले. बालकांच्या वचनात तर 'येऊ द्या' आणि 'मनाई करू नका' असे दोन्ही शेजारी आहे. जुन्या इंग्रजाला दोहोंसाठी 'लेट' चालला असता. मराठीत जाळे सोडतात, कर्ज सोडतात, बंदिवानाला सोडतात आणि मनातला राग धरवत नाही तेव्हा 'जाऊ दे' म्हणतात. हे 'जाऊ दे' पुष्कळदा आळसाचे असते. परंतु ज्याचे येणे बाकी आहे तो जेव्हा ते म्हणतो, तेव्हा ते शुभवर्तमानाच्या अगदी जवळ येते.

नाझरेथच्या मरियेचा होकार लॅटिनमध्ये 'फियात' आहे, म्हणजे प्रकाशाला बोलावणाऱ्या आज्ञेचाच शब्द. १९४६ च्या इंग्रजी सुधारित नव्या कराराने तेथेही 'लेट' घातले. तो मुकाट्याने सोसणाऱ्या मनाचा 'असू दे' नव्हे, 'होवो' आहे. 'असू दे' म्हणणारा पाठ फिरवतो, 'होवो' म्हणणारा स्वतःला त्या कार्यात घालतो.

रात्रीच्या प्रार्थनेत आम्ही धर्मगुरू वृद्ध शिमोनाचे गीत म्हणतो. त्यातही 'दिमित्तिस' आहे आणि राजा जेम्सच्या बायबलात त्याजागी 'लेट'. बाळाला हाती घेतलेला म्हातारा मरणाची परवानगी मागत नाही. पहारा पूर्ण झाला, आता धनी मला सोडतो आहे, असे समाधानाने सांगतो. आमच्या धर्मग्रामांतील मुले आता इंग्रजीतून शिकतात, पुष्कळशी इंग्रजीतून प्रार्थनाही करतात. त्यात वाईट काही नाही. मात्र 'लेट' म्हणताना आपण देतो आहोत, अडवतो आहोत, सोडतो आहोत की 'आपण' म्हणून एकमेकांना बोलावतो आहोत, हे त्यांना कळावे. ते कळण्यासाठी घरात मराठी बोलली जात राहो.