घरगुती फ्लो बेंच

फ्लो बेंच हे एखाद्या वाहिनीतून, व्हॉल्व्हमधून किंवा छिद्रातून ठरावीक दाबांतराला किती हवा वाहते हे मोजण्याचे साधन आहे. त्याचा मुख्य उपयोग अंतर्ज्वलन इंजिनांची सिलिंडर हेडे, कार्बोरेटर आणि हवा आत घेणाऱ्या वाहिन्या यांच्या चाचणीसाठी होतो. कारखानदारी पद्धतीचे फ्लो बेंच महाग असल्यामुळे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतील मोटारशर्यतींचे हौशी कारागीर टाकून दिलेल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी वापरून असे साधन घरीच तयार करतात. प्रस्तुत लेखात या घरगुती प्रकाराची रचना, मापनाचे तत्त्व आणि मर्यादा यांची माहिती दिली आहे.

नाव

नावातील ‘बेंच’ या शब्दाचा शाळेतील बाकाशी संबंध नाही. कारागिराचे काम करण्याचे मेज असा त्याचा अर्थ आहे. ‘वायुप्रवाह चाचणी मंच’ असा मराठी शब्द करता येतो. परंतु गॅरेजमध्ये ‘फ्लो बेंच’ हेच नाव चालते, म्हणून या लेखात तेच ठेवले आहे.

पार्श्वभूमी

द्रायूचा वेग आणि दाब यांचा संबंध डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. फ्लो बेंचचे सर्व गणित त्याच संबंधावर उभे आहे. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या, सहज हलवता येणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरचे अमेरिकन पेटंट जेम्स मरी स्पँग्लर यांना १९०८ साली मिळाले. पुढे हे यंत्र घरोघरी पोचले आणि त्याच्या मोटरी भंगारात सहज मिळू लागल्या.

हवेची चाचणी घरगुती साहित्यावर करण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र त्याहून जुने आहे. ऑर्विल आणि विल्बर राइट या बंधूंनी १९०१ साली अमेरिकेतील डेटन येथे आपल्या सायकलच्या दुकानात लाकडी पेटीचा वातबोगदा तयार केला. ही पेटी सुमारे ६ फूट लांब होती आणि तिचा छेद १६ इंच चौरस होता. पंखांच्या लहान नमुन्यांवरील बल तोलणारा काटा त्यांनी हॅकसॉची जुनी पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार यांपासून बनवला. या काट्याची खुबी अशी की, पंखाची उचल त्याच वाऱ्यात ठेवलेल्या पट्ट्यांवरील रोधाशी थेट तोलली जाई. त्यामुळे वाऱ्याचा नेमका वेग ठाऊक नसला तरी पंखापंखांमधील तुलना खरी ठरे. घरगुती फ्लो बेंचचे बळही अशा तुलनेतच आहे. त्याने दाखवलेला आकडा जगातील दुसऱ्या बेंचशी जुळेलच असे नाही. पण एकाच हेडचे काल आणि आज घेतलेले मापन परस्परांशी जुळलेच पाहिजे.

मोटरींची निवड

पंख्याने निर्माण होणारा दाब त्याच्या कडेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच कूलरचा पंखा, मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील ब्लोअर किंवा लोहाराच्या भट्टीवरचा विजेचा ब्लोअर यांतून हवा भरपूर सुटली, तरी चाचणीला लागणारे दाबांतर मिळत नाही. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर मिनिटाला २०,००० हून अधिक फेरे घेते आणि तिचा अपकेंद्री पंखा बऱ्याचदा दोन टप्प्यांचा असतो. त्यामुळे ती येथे चालते. अनेक मोटरी समांतर जोडल्या की प्रवाहाची बेरीज होते, दाबाची नाही.

किती मोटरी लागतील याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. दाबांतर पास्कलमध्ये आणि प्रवाह घनमीटर प्रतिसेकंदात घेऊन त्यांचा गुणाकार केला की हवेला द्यावी लागणारी शक्ती वॅटमध्ये मिळते. चाचणीचे ७,००० आणि मापनपट्टीचे १,५०० मिळून ८,५०० पास्कल होतात. सेकंदाला ६० लिटर हवा हवी असेल तर ही शक्ती सुमारे ५१० वॅट भरते. विजेच्या शक्तीपैकी साधारण तिसरा हिस्सा हवेपर्यंत पोचतो असे धरल्यास दीड हजार वॅट वीज लागेल. म्हणजे हजार वॅटच्या दोन मोटरींवर काम निभते आणि तिसरी असल्यास निर्धास्तपणे होते.

जुनी मोटर घेताना ती हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी, कार्बन ब्रश किती उरले आहेत ते पाहावे आणि कॉम्युटेटर जळून काळा पडला असल्यास ती सरळ नाकारावी. बहुतेक मोटरींत खेचलेली हवाच गुंडाळीवरून जाऊन तिला थंड ठेवते. नळीच्या तोंडावर तळहात ठेवला की यंत्राचा आवाज चढतो, हे सर्वांनी अनुभवलेले असते. हवा अडल्यामुळे मोटरीवरचा भार कमी होतो, फेरे वाढतात आणि थंडावा मात्र तुटतो. व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून घेतलेल्या चाचणीत नेमकी हीच स्थिती येते. म्हणून पेटीला बाहेरची हवा आत सोडणारी एक झडप ठेवतात. मोटरींचा वेग कमी-जास्त करण्याऐवजी या झडपेनेच दाब नियंत्रित केला, तर मोटरी थंड राहतात आणि दाबही अधिक स्थिर राहतो.

पेटी आणि छिद्रपट्टी

पेटी जाड प्लायवुडची करतात. ती आडव्या फळीने दोन कप्प्यांत विभागलेली असते. वरच्या कप्प्याच्या छतावर चाचणीची वस्तू बसते, मधल्या फळीत मापनाची छिद्रपट्टी असते आणि खालच्या कप्प्याला मोटरी जोडतात. हवा वस्तूतून वरच्या कप्प्यात, तेथून छिद्रपट्टीतून खाली आणि मग मोटरीतून बाहेर जाते. हवा खेचण्याच्या या दिशेत मोटरी सर्वांत शेवटी असल्यामुळे त्यांच्या उष्णतेचा मापनाला उपद्रव होत नाही. एक्झॉस्टच्या चाचणीसाठी प्रवाह उलटा करावा लागतो आणि तेव्हा तापलेली हवा मापनात शिरते. पहिलाच बेंच करणाऱ्याने केवळ खेचणाऱ्या प्रकारावर समाधान मानावे हे बरे.

छिद्रपट्टी म्हणजे धारदार कडेचे अचूक गोल छिद्र पाडलेला धातूचा पत्रा. तिच्या दोन्ही बाजूंमधील दाबांतराची दुप्पट करून तिला हवेच्या घनतेने भागले आणि वर्गमूळ काढले की हवेचा सैद्धांतिक वेग मिळतो. त्याला छिद्राच्या क्षेत्रफळाने आणि प्रवाहगुणांकाने गुणल्यास प्रवाह मिळतो. धारदार छिद्रातून निघालेली हवेची धार पुढे आकसते, म्हणून हा गुणांक ०.६ च्या आसपास असतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रावर १,५०० पास्कल दाबांतर आणि हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रतिघनमीटर असता वेग सेकंदाला ५० मीटर येतो, ०.६१ हा गुणांक धरल्यास प्रवाह सेकंदाला सुमारे ६० लिटर होतो. छिद्राची कड गोलावली किंवा तिच्यावर बूर राहिली तर गुणांक बदलतो आणि पुढचे सर्व आकडे चुकतात. भोक पाडणे सोपे आहे. धार राखणे अवघड आहे.

मॅनोमीटर

दाबांतर मोजण्यासाठी पाण्याचा मॅनोमीटर पुरतो. गवंडी लेव्हल काढण्यासाठी जी पारदर्शक नळी वापरतात, तीच यू आकारात वाकवून पट्टीशेजारी बसवता येते. पाण्यात थोडी शाई आणि साबणाचा एखादा थेंब घातल्यास पातळी स्पष्ट दिसते आणि पाणी नळीला चिकटत नाही.

चाचणीचे दाबांतर २८ इंच, म्हणजे ७११ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतके घेण्याचा प्रघात आहे. हे सुमारे ७ किलोपास्कल होते. या आकड्यात निसर्गनियम असा काही नाही. तो केवळ रूढ संकेत आहे. मोटरी अपुऱ्या असतील तर १० इंचांवर चाचणी घेऊन आकडा वर्गमूळाच्या नियमाने बदलता येतो. १० इंचांवरचा ३० लिटर प्रवाह २८ इंचांवर १.६७ पट, म्हणजे सुमारे ५० लिटर होईल. छिद्रपट्टीवरचे दाबांतर लहान असल्यामुळे तेथे तिरका मॅनोमीटर वापरतात. पाच भाग लांबीमागे एक भाग उंची असा उतार दिल्यास १५० मिलिमीटरचा फरक ७५० मिलिमीटर लांबीवर पसरतो आणि बारीक वाचता येतो.

दाब घेण्याची भोके हवेच्या थेट झोताबाहेर, कप्प्याच्या कोपऱ्यात आणि भिंतीशी सपाट असावीत. मॅनोमीटर आणि पेटी यांच्यामध्ये एक रिकामी बाटली जोडणे अत्यावश्यक आहे. दाब अचानक वाढला तर नळीतील पाणी पेटीत ओढले जाते आणि तेथून ते विजेच्या मोटरीत जाऊ शकते.

पडताळा

पहिली परीक्षा गळतीची. छतावरचे तोंड सपाट पत्र्याने बंद करून चाचणीइतका दाब धरावा आणि छिद्रपट्टीवर काही प्रवाह दिसतो का ते पाहावे. गळती सेकंदाला २ लिटर असेल, तर ६० लिटरच्या मापनात ती जेमतेम ३ टक्के चूक करते; पण व्हॉल्व्ह थोडाच उघडलेला असताना होणाऱ्या २० लिटरच्या मापनात तीच चूक १० टक्के होते.

दुसरी परीक्षा फारशी खर्चिक नाही आणि उद्बोधक आहे. एकसारखी छिद्रे असलेल्या दोन पट्ट्या करून एक मापनाच्या जागी आणि दुसरी छतावर बसवावी. कमी दाबांतरावर दोन्ही मॅनोमीटर जवळजवळ सारखे दाखवू लागले पाहिजेत आणि पट्ट्यांची अदलाबदल केल्यावरही तसेच राहिले पाहिजे. तसे न झाल्यास गळती, पट्टीची कड किंवा दाब घेण्याचे भोक यांपैकी कोठेतरी दोष आहे. उत्तम छिद्राची एक पट्टी कायमची जपून ठेवावी आणि दर चाचणीच्या आरंभी ती मोजावी. तिचा आकडा बदलला असेल तर त्या दिवशी हेडला हात लावू नये.

हा आग्रह अतिरेकी वाटण्याचा संभव आहे. परंतु फ्लो बेंचवर घेतलेल्या निर्णयानुसार कारागीर हेडच्या पोर्टमधील धातू घासून काढतो आणि काढलेला धातू सहजासहजी परत भरता येत नाही. गळक्या पेटीने दाखवलेल्या खोट्या वाढीवर विसंबून पोर्ट रुंदावले, भिंत पातळ होऊन पाण्याच्या वाटेपर्यंत भोक पडले, की ते हेड बहुधा भंगारात जाते.

हेडची चाचणी

हेड इंजिनाच्या सिलिंडरइतक्याच व्यासाच्या नळकांड्यावर बसवतात. मूळ स्प्रिंगऐवजी हलक्या स्प्रिंगा लावून व्हॉल्व्ह स्क्रूने उघडतात आणि उघडीप डायल गेजवर मोजतात. पोर्टच्या बाहेरच्या तोंडाशी मुलांच्या खेळातल्या मातीची गोलसर कड करतात; अन्यथा तीक्ष्ण कडेपाशीच हवा अडखळते आणि पोर्टचा दोष नसताना प्रवाह कमी दिसतो. व्हॉल्व्हची उघडीप त्याच्या व्यासाच्या पाव भागाइतकी झाली की त्याच्या भोवतालच्या फटीचे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळाइतके होते. त्यापुढे प्रवाह वाढवणे पोर्टच्या आकारावर अधिक अवलंबून राहते. त्यामुळे चढत्या उघडिपीची मापने आलेखावर मांडल्यास दोष व्हॉल्व्हच्या बैठकीशी आहे की पोर्टमध्ये, हे ओळखता येते.

विद्युत सुरक्षा

१,२०० वॅटच्या तीन मोटरी २३० व्होल्टवर मिळून सुमारे १६ अँपिअर प्रवाह घेतात, म्हणजे घरातील मोठ्या सॉकेटची पूर्ण क्षमता. सुरू होताना तो याहून बराच वाढतो. म्हणून प्रत्येक मोटरीला स्वतंत्र स्विच द्यावा, त्या एकामागून एक सुरू कराव्यात आणि शक्य तर भार दोन सर्किटांत विभागावा. मूळ यंत्राचे प्लास्टिकचे कवच निघालेले असते, त्यामुळे उघडे धातूचे भाग अर्थिंगला जोडणे आणि गळती प्रवाहाला तुटणारा ब्रेकर बसवणे टाळू नये. विद्यार्थ्यांनी वीजजोडणी जाणकाराकडून तपासून घ्यावी. आवाजही कर्कश असतो. कानांना संरक्षण हवे.

मर्यादा

फ्लो बेंचवर कोरडी हवा एकसारखी वाहते. चालत्या इंजिनात ती धक्क्याधक्क्याने, इंधनासह आणि सतत बदलत्या दाबांतराने वाहते. शिवाय पोर्ट मोठे केल्याने बेंचवरचा आकडा वाढला, तरी हवेचा वेग घटून कमी फेऱ्यांवर इंजिन मंदावू शकते. केवळ मोठ्या आकड्याच्या मागे लागणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

फॉर्म्युला स्टुडंट या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या मोटारस्पर्धांत ही मर्यादा स्पष्ट दिसते. अशा स्पर्धांत महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघही उतरतात. पेट्रोल इंजिनाला मिळणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या गळ्यातून जावी असा त्यांचा नियम आहे. गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की प्रवाह आणखी वाढत नाही. सामान्य तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला ही कमाल सेकंदाला सुमारे ७५ ग्रॅम येते. व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरींनी मिळणाऱ्या ७ किलोपास्कलवर हा गळा त्या स्थितीला पोचेलच असे नाही, तेव्हा ती कमाल घरगुती बेंचवर खात्रीने तपासता येत नाही. गळ्यापुढच्या शंकूचे दोन नमुने केले असतील, तर त्यांपैकी कमी दाबांतरावर अधिक हवा जाऊ देणारा कोणता, एवढे मात्र तो बेंच सांगू शकतो.