शिळाछापापासून लेयरपर्यंत : कार्टूनच्या छायेची गोष्ट

यंदा गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत मुलांच्या चित्रकला स्पर्धेवरून बराच वाद झाला. बाप्पाच्या उंदराचे कार्टून संगणकावर काढून आणले तर चालेल का, असे काही मुलांनी विचारले होते. ज्येष्ठांचे म्हणणे पडले की चित्र हाताने काढायचे असते, यंत्राच्या कामाला बक्षीस कसले? तरुण मंडळी म्हणाली, यंत्राचे पेन धरतो तोही हातच ना! वाद मिटेना, तेव्हा आम्ही ठरवले की रेघ, रंग आणि छाया देण्याची रीत आपल्याकडे कशी बदलत आली, ते एकदा नीट पाहावे. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

सुरुवात देवघरापासूनच करावी लागेल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-पणजीच्या काळची, राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातली लक्ष्मी किंवा सरस्वती असेल. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे शिळाछापाचे काम चाले. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा असे आणि एकच कागद एकामागून एक अशा अनेक शिळांवरून जाई. लक्ष्मीच्या गालावरची छाया बारीक ठिपक्यांनी साधलेली असे. भिंग लावून पाहिले तर ते ठिपके आजही दिसतात. कारागिराला अखंड चित्र डोळ्यांपुढे ठेवून ते थराथरांत फोडावे लागे : हा पिवळ्याचा थर, हा तांबड्याचा, हा सावलीचा. हा थर शब्द लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

या छापखान्यासाठी काम केलेल्यांत एक नाव होते धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांना ठाऊक असतो. पण दादासाहेबांनी त्यानंतर थोड्याच काळात ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्मही केली, हे फारसे सांगितले जात नाही. काड्या किंचित हलवायच्या, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायच्या. निर्जीव वस्तू पडद्यावर चालवून दाखवण्याची आपल्याकडची खटपट इथवर मागे जाते.

वर्तमानपत्रांतल्या आणि मासिकांतल्या व्यंगचित्रांची अडचण निराळी होती. रेघांच्या चित्राचा जस्ताचा ब्लॉक करत. त्यात एक तर शाई लागे, नाही तर लागत नसे. काळे आणि पांढरे यांच्यामधला करडा रंग त्याला ठाऊकच नव्हता. मग सावली दाखवायची कशी? रेघांवर आडव्या रेघा ओढून. जुन्या व्यंगचित्रांत कोटाच्या घडीत, टेबलाखाली जे रेघांचे जाळे दिसते, त्यात चित्रकाराची हौस होती तशी ब्लॉकची सक्तीही होती. रंगीत मुखपृष्ठांवर मात्र मोकळीक मिळे. मडगावच्या दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ अंकातून मराठी घरांना रंगांची चटक लावली. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेले शि. द. फडणीस यांनी उलट दाखवले की एक शब्दही न लिहिता, स्वच्छ रेघ आणि सपाट रंग यांच्यावरही माणूस खळखळून हसतो. छाया कुठे द्यायची याइतकेच ती कुठे द्यायची नाही, हेही कळावे लागते.

चित्रपटातल्या कार्टूनची वाट पारदर्शक कागदाने सोपी केली. अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पात्र पारदर्शक पत्र्यावर काढायचे आणि तो पत्रा एकदाच रंगवलेल्या देखाव्यावर ठेवायचा, म्हणजे झाडे-डोंगर पुन्हा पुन्हा काढायला नकोत. रेघ पत्र्याच्या पुढच्या बाजूला आणि रंग मागच्या बाजूला, त्यामुळे रंग रेघेवर चढत नसे. आपल्याकडे पुण्याच्या प्रभात कंपनीत १९३४ च्या सुमारास रघुनाथ केळकर यांनी कोल्ह्याचे ‘जंबूकाका’ हे कार्टून केले. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि १९५७ मध्ये जातककथेवरचे ‘द बन्यन डिअर’ तयार झाले. एका सेकंदाला चोवीस चित्रे लागत. प्रत्येकावर छाया द्यायची तर ती चोवीस वेळा सारखी उतरली पाहिजे. म्हणूनच जुनी कार्टून पात्रे बहुधा सपाट रंगात दिसतात.

आता संगणकाकडे येऊ. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका प्राध्यापकांनी घराच्या तळघरात फोटो धुण्याची डार्करूम केली होती. त्यांची मुले, थॉमस आणि जॉन नॉल, तिथे काम शिकली. थॉमसने १९८७ मध्ये लिहायला घेतलेली आज्ञावली फेब्रुवारी १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ म्हणून बाजारात आली. चित्राचा भाग गडद करण्याच्या तिच्यातल्या साधनावर आजही हाताची खूण आहे. डार्करूममध्ये छायाचित्रकार मूठ किंचित उघडून हव्या तेवढ्याच जागी जास्त प्रकाश पडू देत, तोच हा हात. पुढे १९९४ च्या आवृत्तीत ‘लेयर’ आले. लेयर म्हणजे थर!

मुलांनी आम्हाला उंदीर करून दाखवला तेव्हा हे सारे डोळ्यांपुढे आले. सर्वांत खाली पेन्सिलीसारखे कच्चे चित्र. त्यावरच्या थरात पक्की रेघ. रेघेखालच्या थरात सपाट करडा रंग. मग आणखी एक थर फक्त सावलीसाठी, ‘मल्टिप्लाय’ या पद्धतीवर ठेवलेला. या पद्धतीत वरचा रंग खालच्याला झाकत नाही, नुसता गडद करतो. एका शाईवर दुसरी पारदर्शक शाई छापावी, तसेच. शेवटी मुलीने कानामागे, पोटाखाली आणि हातातल्या मोदकाच्या एका बाजूला सावली भरली. आमच्यातल्या एका आजोबांनी चष्मा वर करून विचारले, “बाळ, समई डावीकडे ठेवलीस, मग सावलीही डावीकडेच कशी?” मुलगी क्षणभर थांबली, हसली आणि तो थर पुसून नव्याने भरायला बसली. आज्ञावलीने तिला ही चूक दाखवली नव्हती. ती आजोबांनी दाखवली.

आपण भोपाळकर आहोत, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी आपल्या तलावाकाठी भारत भवन उघडले. जगदीश स्वामिनाथन यांनी पाटनगढच्या जनगढ सिंह श्याम या तरुण परधान गोंड चित्रकाराला इथे आणले. जनगढ यांच्या हरणांत आणि पक्ष्यांत उजेड एका बाजूने येत नाही. ठिपके आणि बारीक रेघा सगळे अंग भरून टाकतात आणि आकार त्यांतूनच उठतो. याच परंपरेतले भोपाळचे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११ च्या ‘भीमायन’ या चित्रकथेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य रेखाटले. तिथे चौकोनी चौकटी नाहीत. गोड बोलणाऱ्यांच्या शब्दांभोवती पक्ष्याचा आकार येतो, विषारी बोलणाऱ्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी येते. आपल्या महाराष्ट्राची एक मोठी कथा आपल्याच शहरातल्या हातांनी अशी सांगितली, आणि आपल्यापैकी किती घरांत ते पुस्तक आहे? मुलांना जनजातीय संग्रहालयात घेऊन गेलो तर सावलीचा आणखी एक विचार त्यांना कळेल, आणि आपल्यालाही.

तेव्हा स्पर्धेचा निर्णय असा झाला. संगणकावरचे चित्र यंदा घेतले जाईल. अटी दोनच. पात्राचे पेन्सिलीने काढलेले पहिले कच्चे चित्र सोबत आणायचे आणि चित्रात उजेड कुठून येतो, ते परीक्षकांना तोंडी सांगायचे. गोंड पद्धतीने ठिपक्यांनी भरले असेल तर तसे सांगावे, तेही मान्य. परीक्षकांत त्या आजोबांचे नाव पहिले आहे. सावल्या मात्र नीट तपासून आणा.