नकलेनें तारलेलें अस्सल

नक्कल करावयालाही अक्कल लागते, असें आपल्याकडे म्हणतात. तरी पण मान असतो तो अस्सलालाच. अस्सल हिरा, अस्सल शिक्का, अस्सल दस्तऐवज यांचें मोल निराळें आणि त्यांच्या नकलेचें निराळें. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट पुरती ठाऊक असते. मूळ पोथी कसरीनें खाल्ली, मूळ कागद पावसांत भिजून गेला, आणि पुढील पिढ्यांच्या हातीं जें आलें तें कोणा अप्रसिद्ध लेखकानें दिव्याच्या उजेडांत बसून उतरून काढलेल्या नकलेमुळेंच आलें, असे प्रसंग थोडेथोडके नाहींत. जुन्या ग्रंथांच्या बाबतींत जें घडलें, त्याच्याच जातीची एक हकीकत २०११ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें एका मोटारीच्या बाबतींत घडली. ही मोटार एका प्रसिद्ध बोलपटांतली. तिला वांचविणाऱ्यांत जे हौशी लोक होते, त्यांना तिची ओळख झाली होती ती स्नेह्यांच्या मदतीनें तिच्या प्रतिकृति करतां करतां!

या मोटारीची जन्मकथा प्रथम पाहिली पाहिजे. जॉन डिलोरियन हा अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनींतला बडा अधिकारी. १९७३ सालीं त्यानें ती नोकरी सोडली आणि १९७५ सालीं स्वतःची मोटार कंपनी काढली. उत्तर आयर्लंडांत त्या काळीं बेकारी आणि यादवी या दोन्ही आपत्ती एकदम कोसळल्या होत्या. तेथें रोजगार निघावा म्हणून ब्रिटिश सरकारनें या उद्योगाला सात-आठ कोटी पौंडांचें साहाय्य दिलें. बेलफास्टजवळ डनमरी येथें १९७८ सालीं कारखान्याचें काम सुरू झालें आणि १९८१ च्या आरंभीं गाड्या तयार होऊं लागल्या. एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणाऱ्या कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट वस्त्यांतील माणसें तेथें एका छपराखालीं काम करूं लागलीं.

गाडीचा आकार इटलींतील जॉर्जेटो जुजारो या विख्यात रचनाकारानें रेखाटलेला होता. तिचें बाहेरचें अंग न गंजणाऱ्या पोलादाचें असून त्याला रंग मुळींच दिलेला नव्हता. दारें पक्ष्याच्या पंखांसारखीं वर उचललीं जात. एंजिन मात्र १३० अश्वशक्तीचें, म्हणजे रूपाच्या मानानें बेताचेंच. गाडी महाग, त्यांत काळ मंदीचा. खप अपेक्षेप्रमाणें होईना. फेब्रुवारी १९८२ मध्यें कारभार रिसीव्हरच्या हातीं गेला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत खुद्द डिलोरियनला मादक द्रव्यांच्या व्यापाराच्या आरोपावरून अटक झाली. १९८४ सालीं तो निर्दोष सुटला. पण कारखाना त्यापूर्वींच बंद पडला होता. सुमारें ९,००० गाड्या निघाल्या, आणि अडीच हजारांच्या आसपास कामगार घरीं बसले. अपयशी उद्योगांच्या यादींत आणखी एका नांवाची भर पडली, एवढ्यावरच ही कथा संपावयाची.

ती संपली नाहीं याचें श्रेय एका बोलपटाला आहे. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि त्याचा सहलेखक व निर्माता बॉब गेल या दोघांनीं ‘बॅक टु द फ्यूचर’ ही कथा रचली. १९८५ सालांतला एक शाळकरी तरुण एका विक्षिप्त शास्त्रज्ञाच्या यंत्रांत बसून १९५५ सालांत जातो, आणि तेथें त्याला आपले आईबाप विद्यार्थिदशेंत भेटतात, असें तिचें सूत्र. आरंभीच्या मसुद्यांत हें कालयंत्र म्हणजे एक शीतकपाट होतें. परंतु बोलपट पाहून मुलें खेळतां खेळतां खरोखरीच शीतकपाटांत शिरतील आणि कोंडलीं जातील, ही भीति पुढें आली. शिवाय चालतें-फिरतें यंत्र कथेलाही सोयीचें होतें. तेव्हां मोटार योजावयाचें ठरलें, आणि तीही डिलोरियनचीच. १९५५ सालांतील एक शेतकरी कुटुंब आपल्या गोठ्यांत घुसलेली ही वस्तु पाहून तिला परग्रहावरची उडती तबकडी समजतें, असा विनोदी प्रसंग कथेंत आहे. चकचकीत पोलादाच्या आणि पंखांच्या दारांच्या गाडीला तो शोभून दिसला.

रॉन कॉब व अँड्र्यू प्रोबर्ट या चित्रकारांनीं आराखडे काढले. एका माणसानें आपल्या मोटारखान्यांत, हातीं लागेल त्या सामानांतून हें यंत्र जुळविलें आहे असें प्रेक्षकांना वाटलें पाहिजे, हा दंडक होता. म्हणून कारागिरांनीं विमानाच्या व विजेच्या जुन्या सामानाचीं दुकानें पालथीं घातलीं. तारा, नळ्या, बटणें, दिवे, जें जें डोळ्यांत भरलें तें गाडीवर चढलें. मागील बाजूच्या अणुभट्टीवर डॉज कंपनीच्या एका मोटारीच्या चाकाचें झांकण बसविलें. कथेच्या शेवटीं केरकचऱ्यावर चालणारें जें अद्भुत यंत्र दिसतें, तें कॉफी दळण्याच्या घरगुती यंत्रापासून बनविलेलें होतें. पहिल्या भागासाठीं अशा तीन गाड्या केल्या. त्यांतील एकच सर्वांगानें पूर्ण होती आणि जवळून घ्यावयाच्या दृश्यांत ती वापरीत.

३ जुलै १९८५ रोजीं बोलपट प्रदर्शित झाला आणि त्याला अपूर्व यश मिळालें. १९८९ व १९९० सालीं त्याचे दोन उत्तरभाग निघाले. जिला गिऱ्हाईक मिळत नव्हतें ती गाडी आतां जगभर मुलांच्याही ओळखीची झाली. खुद्द डिलोरियननें आभाराचें पत्र पाठविलें.

येथून प्रतिकृतींचा इतिहास सुरू होतो. अमेरिकेंत बहुतेक घराला मोटारखाना असतो. सुटीच्या दिवशीं दोघे-चौघे स्नेही तेथें जमतात, एखादी जुनी गाडी खोलतात, जोडतात आणि संध्याकाळीं काळ्या हातांनीं घरीं जातात. अशा मंडळींपैकीं कित्येकांना या कालयंत्राचा ध्यास लागला. त्यांतलें पहिलें काम तुलनेनें सोपें. मूळ डिलोरियन गाडी पैसे मोजून मिळे, आणि बंद कारखान्याच्या सुट्या भागांचा मोठा साठा पुढें टेक्सास प्रांतांतील एका कंपनीकडे आला होता. कठीण होतें तें पुढचेंच. पडद्यावर क्षणभर दिसणारी ही नळी कोणत्या यंत्राची? हें बटण कोणत्या विमानांतलें? या खोक्याचा मूळ उपयोग काय? चित्रपटाची फीत जागोजाग थांबवून, छायाचित्रें मोठीं करून हे लोक एकेक वस्तु ओळखीत. जुन्या सामानाच्या ढिगांत तिचें भावंड सांपडलें, कीं तो दिवस सणाचा. जी वस्तु मिळत नसे तिचा सांचा करून ती ओतीत. एकाला लागलेला शोध तो दुसऱ्याला कळवी, आणि दुसरा त्यांतली चूक दाखवून देई. पाठभेद ताडून पाहणाऱ्या ग्रंथसंपादकाची चिकाटी आणि या मंडळींची चिकाटी यांत फारसें अंतर नाहीं.

किती बारकाईनें पाहावें लागे याचें एक उदाहरण पुरे आहे. कथेप्रमाणें ही मोटार ताशी ८८ मैलांचा वेग गांठते तेव्हांच कालांतर घडतें. परंतु १९७९ च्या सुमारास अमेरिकेंत असा नियम झाला होता कीं, मोटारींच्या वेगदर्शकावरील आंकडे ताशी ८५ मैलांशीं थांबावे. डिलोरियनची तबकडीही तेथेंच संपत होती. म्हणजे ज्या वेगावर सारी कथा उभी, तो गाडीच्या तबकडीवर नव्हताच! चित्रपटकारांनीं ती तबकडी ९५ पर्यंत वाढविली आणि वर आंकडे दाखविणारा वेगळा दर्शक बसविला. प्रतिकृति करणारानें कारखान्याची तबकडी तशीच ठेवली, तर जाणत्याच्या नजरेंतून तें सुटत नाहीं. दुसरी मौज आवाजाची. पडद्यावर ऐकूं येणारी गुरगुर डिलोरियनच्या एंजिनाची नाहीं. ती पोर्श कंपनीच्या गाडीची, मागाहून भरलेली. तेव्हां गाडीशीं इमान राखावें तर पडद्यावरचा आवाज मिळत नाहीं, आणि पडद्याशीं राखावें तर गाडी खोटी ठरते. अस्सल म्हणजे नक्की काय, हा प्रश्न असा एंजिनाच्या आवाजांतूनही उभा राहतो.

इकडे हे लोक नकलेसाठीं झटत असतां मूळ गाड्यांची अवस्था काय होती? एक गाडी कॅमेरा आंत शिरावा म्हणून कापली गेली होती. दुसरीचा तिसऱ्या भागाच्या शेवटीं आगगाडीखालीं चुराडा झाला. तो प्रसंग खऱ्याच गाडीवर चित्रित केला होता. उरली ती सर्वांगपूर्ण असलेली एक. ती हॉलिवूड येथील युनिव्हर्सल चित्रशाळेच्या उद्यानांत प्रेक्षकांना पाहण्यासाठीं ठेवण्यांत आली. वर्षानुवर्षें तिनें ऊन सोसलें. रंग विटले, तारा कडक होऊन तुटल्या, कांहीं भाग मोडले आणि कांहीं नाहींसे झाले. यांत कोणाचा दुष्टावा होता असें नव्हे. चित्रपटासाठीं केलेली वस्तु कॅमेऱ्यापुरती टिकली म्हणजे पुरे, ही त्या धंद्याची रीतच आहे. परंतु पंचवीस वर्षांनीं पाहतां, ज्या गाडीवरून जगभर नकला निघत होत्या, ती स्वतः भंगाराच्या वाटेला लागली होती.

बॉब गेल याला ही दुर्दशा पाहवली नाहीं. २०११ सालीं त्यानें पुढाकार घेतला, चित्रशाळेनें मान्यता दिली आणि जीर्णोद्धाराचें काम मुख्यतः या चाहत्यांच्या हातीं सोंपविलें गेलें. हा निर्णय साहसाचा होता, पण शहाणपणाचाही होता. मोटार दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळ मिळाले असते. पण उजव्या बाजूची हरवलेली नळी कोणत्या यंत्राची होती, हें त्यांना कोण सांगणार? तें ज्ञान ज्यांनीं वर्षानुवर्षें छायाचित्रांवर डोळे शिणविले होते त्यांच्यापाशीं होतें. सुमारें एक वर्ष ही मंडळी राबली. गाडी खोलली, जें शाबूत होतें तें साफसूफ करून राखलें, जें गेलें होतें त्या जागीं त्याच जातीची जुनी वस्तु शोधून बसविली. नकला करतांना मिळविलेली विद्या मूळच्या सेवेला आली. २०१६ सालीं ही मोटार लॉस एंजेलिसच्या पीटरसन मोटार संग्रहालयांत लोकांना पाहण्यासाठीं ठेवण्यांत आली. २०२१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहींत तिचें नांव दाखल झालें.

नकलांचा आणखी एक उपयोग सांगितला पाहिजे. बोलपटांतील नायकाचें काम करणारा मायकेल जे. फॉक्स याला ऐन तारुण्यांत, १९९१ सालीं, कंपवाताचें निदान झालें. २००० सालीं त्यानें या रोगाच्या संशोधनासाठीं एक संस्था स्थापन केली. अमेरिकेंतील एका दांपत्यानें आपली प्रतिकृति घेऊन देशभर प्रवास केला आणि या संस्थेसाठीं निधि जमविला. संग्रहालयांतली अस्सल मोटार हें करूं शकत नाहीं. तिनें आतां जपूनच राहावयाचें. रस्त्यावर धांवणें, मुलांना आंत बसूं देणें, हीं कामें नकलेचीं.

एका खेळण्यावजा मोटारीसाठीं एवढे सायास कशाला, असें कोणी विचारील. तो प्रश्न अगदीं गैर नाहीं. परंतु पुढील पिढ्या मागच्या काळांतलें काय शोधूं लागतील, हें त्या काळच्या माणसांना क्वचितच कळतें. बेलफास्टच्या ज्या कामगारांनीं ती पोलादी अंगें जुळविलीं, त्यांना आपला कारखाना बुडाला एवढेंच ठाऊक होतें. आपल्या हातचें काम संग्रहालयांत जाईल हें त्यांच्या स्वप्नींही आलें नसेल. वस्तु राहते ती तिच्या मोलामुळें कमी आणि तिच्यावर कोणाचा तरी जीव जडल्यामुळें अधिक.

जुन्या पोथीच्या अखेरीस नक्कल करणारा लेखक लिहून ठेवीत असे कीं, जसें पाहिलें तसें उतरलें आहे, चूक असेल तर दोष देऊं नये. आपण मूळ ग्रंथकर्त्यापेक्षां लहान आहों, याची त्याला जाणीव होती. मूळ ग्रंथ आपल्या नकलेनें तरणार आहे, हें मात्र त्याला माहीत नव्हतें. लॉस एंजेलिसच्या त्या स्नेह्यांना तें भाग्य हयातींतच लाभलें. ज्या मोटारीची नक्कल त्यांनीं आयुष्यभर मनोभावें केली, तिच्याच डागडुजीसाठीं एके दिवशीं त्यांना बोलावणें आलें.