जुन्या कॅमेऱ्यातील पारा सेलला पर्याय काय?

ऑलिंपस ओएम-१ सारख्या १९७०च्या दशकातील अनेक कॅमेऱ्यांचा प्रकाशमापक पीएक्स-६२५ या १.३५ व्होल्टच्या पारा सेलवर चालतो. हा सेल संपत येईपर्यंत जवळपास एकच व्होल्टेज देई. पारा विषारी असल्यामुळे त्याचे उत्पादन बंद झाले.

अल्कलाइन सेल: त्याच आकारात मिळतो, पण सुरुवातीला १.५ व्होल्ट देतो आणि वापरासोबत उतरत जातो. व्होल्टेज जास्त असताना काटा प्रकाश जास्त दाखवतो, त्यामुळे फोटो काळपट येतात. स्लाइड फिल्मवर ही चूक लगेच दिसते.

झिंक-एअर सेल: श्रवणयंत्रातील ६७५ क्रमांकाचा सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो. तो लहान असल्याने भोवती कडे बसवावे लागते. स्टिकर काढल्यावर हवा लागून तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुकतो.

सिल्व्हर ऑक्साइड सेल: १.५५ व्होल्ट, पण स्थिर. डायोड असलेल्या अडॅप्टरमधून व्होल्टेज कमी करता येते. नेहमीच्या वापरासाठी हाच सोयीचा.

पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये ब्रिज सर्किट असल्याने व्होल्टेजमधील असा फरक चालतो. म्हणून आधी आपल्या कॅमेऱ्याचे सर्किट कोणते ते पाहावे. जुना पारा सेल कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावा.