वास गेला, तो परत कसा आणायचा?

वास जाणं म्हणजे काय, ते कोविडमध्ये आपल्यापैकी बऱ्याच जणांना कळलं. फोडणी करपली तरी पत्ता नाही, गॅस लीक झाला तरी नाही. पण "नाकात मांस वाढलंय" म्हणतो ना, त्या पॉलिपमुळे वास गेलेली माणसं हजारो वर्षांपासून आहेत.

हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथांत त्यावर एक उपाय आहे. स्पंजच्या तुकड्याला दोरे बांधायचे, दोरे नाकातून घशात नेऊन तोंडातून बाहेर काढायचे आणि जोरात ओढायचं. स्पंजबरोबर पॉलिपही बाहेर! आजच्यासारखी भूल वगैरे काही नाही.

खरी पंचाईत जागेची आहे. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या अगदी छताला असतात. त्यावर चाळणीसारखं पातळ हाड, त्याच्यावर थेट मेंदू, आणि बाजूला डोळे. पॉलिपही याच भागात होतात. सर्जनला आत नीट दिसायचं नाही. १९२९ मध्ये बोस्टनच्या हॅरिस मोशरनं लिहून ठेवलं की नाकातून केलेली ही सर्जरी म्हणजे पेशंटला मारायचा सोपा मार्ग आहे. हे स्वतः सर्जन असलेला माणूस म्हणतोय, बरं का.

म्हणून बरेच जण वेगळ्या वाटेनं गेले. न्यूयॉर्कचा कॉल्डवेल (१८९३) आणि पॅरिसचा ल्यूक (१८९७) यांनी वरचा ओठ उचलून गालाच्या हाडातून सायनस उघडला आणि खालच्या बाजूला नाकात भोक पाडलं. पाणी उताराकडे जातं, तसा शेंबूडही जाईल, असा हिशोब.

तो हिशोब ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या वॉल्टर मेसरक्लिंगरनं मोडला. सायनसच्या आतले सूक्ष्म केस शेंबूड ढकलत नेतात ते मूळच्या दाराकडेच. खाली नवं भोक असलं तरी त्याला वळसा घालून! मला हा भाग फार आवडतो. बग भलतीकडे होता आणि सगळे दुसरीच फाईल एडिट करत होते. मूळचं चिंचोळं दार मोकळं केलं की पुष्कळदा बाकीचं नाक स्वतःच सावरतं.

पण ते दार दिसणार कसं? इंग्लंडच्या हॅरॉल्ड हॉपकिन्सनं १९५९ मध्ये पातळ भिंगांऐवजी काचेच्या लांब कांड्या वापरून दुर्बीण सुचवली. प्रकाश कितीतरी जास्त, चित्र स्वच्छ. ग्राझमध्ये स्टॅमबर्गरनं आणि अमेरिकेत डेव्हिड केनेडीनं १९८५ च्या सुमारास ही पद्धत पसरवली. आज ईएनटी डॉक्टर तिला 'फेस' म्हणतात.

आता वासाचं काय? पॉलिपनं वाट अडवली असेल तर ती मोकळी झाल्यावर अनेकांचा वास परत येतो, सगळ्यांचा नाही. पॉलिप पुन्हा उगवतातही, म्हणून नंतर स्टेरॉइडचा स्प्रे चालू ठेवावा लागतो. हट्टी पॉलिपसाठी अमेरिकेत २०१९ पासून डुपिल्युमॅबचं इंजेक्शनही आहे.

व्हायरसनं पेशीच खराब केल्या असतील, तर मात्र चाकूचा काही उपयोग नाही. तिथे जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हमेलनं २००९ मध्ये मांडलेला व्यायाम करतात: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, दिवसातून दोनदा हुंगायचं, निदान तीन महिने.